रवांडात आईला घेऊन: गोरिलाचा परवाना काढावा की नाही?

अनघा_नाशिक:
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं जायचं म्हणतोय: मी, नवरा आणि माझी आई. आईचं वय ६७, गेल्या वर्षी गिरनार चढली, पण उतरताना गुडघ्यानं रडवलं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे मोकळीक मे महिन्यात, नाहीतर नाताळात आठ दिवस. आफ्रिका म्हटलं की सगळे केनियाच सुचवतात. आईनं मात्र टीव्हीवर गोरिला बघितले आणि तेव्हापासून रवांडाच धरून बसलीय. परवान्याचा आकडा वाचून नवऱ्यानं दोनदा चष्मा पुसला. माणशी १५०० डॉलर, म्हणजे तिघांचे चार लाखांच्या आसपास, आणि त्यात गोरिलांजवळ मिळतो एक तास! एजंटनं आठ दिवसांत गोरिलांचं ज्वालामुखी उद्यान, अकागेराचं सफारी उद्यान, न्युंगवेचं जंगल आणि किवू सरोवर असं सगळं कोंबलंय. आईला झेपेल का? आणि त्या एका तासाचं खरंच एवढं मोल आहे का?

पेणचा_पाहुणा:
चार लाखांत ताडोब्याच्या किती फेऱ्या होतात, त्रैराशिक मांडून बघा. वाघ नाही दिसला तरी झुणका-भाकरी नक्की मिळते.

डोंगरवाट:
पाहुणे, ताडोबा कुठे पळून जात नाही.

अनघाताई, मी किगालीत, म्हणजे तिथल्या राजधानीत, अडीच वर्षं नोकरीनिमित्त होतो. गोरिला दोनदा बघितले. एकदा परवाना ७५० डॉलरला होता तेव्हा, आणि मे २०१७ मध्ये त्यांनी तो एका झटक्यात दुप्पट केला त्यानंतर वडिलांबरोबर. दुसऱ्यांदा पैसे भरताना पोटात कळ आली होती, खोटं कशाला बोलू.

पहिलं म्हणजे मे विसरा. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत तिथला मोठा पावसाळा असतो, आणि त्या चढावर तेव्हा नुसती घसरगुंडी. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत थोडी उघडीप असते, तेव्हा नाताळच धरा. तरी रेनकोट हवाच, डोंगर आहे तो.

आता आईंचा मुद्दा. सकाळी सातला ज्वालामुखी उद्यानाच्या किनिगीतल्या कार्यालयात हजेरी असते. कॉफी देतात, एकीकडे नाच चालू असतो, पण तुमचं लक्ष हवं गाइड आणि ड्रायव्हरकडे. कोणती आठ माणसं कोणत्या गोरिला कुटुंबाकडे जाणार हे तिथेच ठरतं. काही कुटुंबं तासाभराच्या चालीवर असतात, काहींसाठी तीन-चार तास चढावं लागतं. तिथे भिडस्तपणा नको. ‘आईचे गुडघे दुखतात, जवळचं कुटुंब द्या’ असं स्पष्ट सांगा. आमचे बाबा ऐनवेळी छाती काढून ‘आय अ‍ॅम फिट’ म्हणाले आणि आम्ही पावणेतीन तास चढलो.

दुसरं, हमाल करा. पाठीवर सामान नसलं तरी करा. पहिल्या खेपेला मला वाटलं, सह्याद्रीत वाढलेला माणूस मी, मला कशाला हमाल? बटाट्याची आणि पांढऱ्या पायरेथ्रमची शेतं संपली, रानम्हशी शेतात उतरू नयेत म्हणून रचलेली दगडी भिंत ओलांडली, आणि बांबूच्या पहिल्याच उतारावर पाय सटकला. आधाराला जे झुडूप धरलं ते काटेरी खाजरं. खाजकुइली परवडली! रात्रीपर्यंत तळहाताची आग होत होती. बागकामाचे जाड हातमोजे घ्या, आणि पँट मोज्यांत खोचा, कोणी हसलं तरी.

आणि तो तास. माग काढणारे लोक पहाटेच वर गेलेले असतात आणि वॉकीटॉकीवर जागा सांगतात. शेवटी काठ्या, पिशव्या खाली ठेवून पुढे जायचं. गाइड घसा खाकरल्यासारखा ‘म्म्म्ह… म्म्म्ह’ असा आवाज काढायला लागला. मला वाटलं याला सर्दी झालीय. तेवढ्यात झुडपातून तस्साच आवाज आला, पण असा खोल की आधी बरगड्यांना कळला. पाठीवर रुपेरी पट्टा असलेला नर पाठमोरा बसून रानटी सेलरीची देठं सोलत होता. आपण ऊस सोलतो ना, अगदी तसं, दातानं साल ओढून आतला गाभा खायचा. त्याची नखं बघितली. काळी, रुंद, कडेला माती भरलेली, थेट आमच्या आजोबांच्या अंगठ्यासारखी. राखायचं अंतर तेव्हा सात मीटर होतं, आता दहा मीटर आणि तोंडाला मास्क. पण एक पिल्लू बाबांच्या बुटापर्यंत घरंगळत आलं, त्याला नियम कोण सांगणार! बाबांनी त्या तासात एकही फोटो काढला नाही. उतरताना एवढंच म्हणाले, ‘पैसे वसूल.’ आमच्या घरात हे वाक्य सहसा कुणी उच्चारत नाही.

जगात हे पर्वतीय गोरिला हजाराच्या थोडेच वर आहेत आणि एकाही प्राणिसंग्रहालयात नाहीत. परवान्याच्या उत्पन्नातला दहावा हिस्सा उद्यानालगतच्या गावांना जातो. एवढ्यानं १५०० डॉलर स्वस्त होत नाहीत, पण पैसा कुठे मुरतो ते कळतं. युगांडात बविंडीला ८०० डॉलरला परवाना आहे आणि किगालीहून गाडीनं जाता येतं. पण सीमा, लांबचा रस्ता आणि बविंडीतला खडा चढ बघता आईंसाठी मी तो नाद करणार नाही.

अकागेरा ठेवा. १९९४ च्या नरसंहारानंतर तिथे एक सिंह उरला नव्हता. परतलेल्या निर्वासितांना वसवायला अर्ध्याहून जास्त उद्यान दिलं गेलं होतं. मग कुंपण घातलं, २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून सात सिंह आणले, २०१७ मध्ये काळे गेंडे. केनियातल्या मसाई मारासारखे कळप शोधू नका, हिरमोड होईल. इहेमा तलावावर संध्याकाळची बोट घ्या. पाणघोडे इतके जवळ येतात की बोलणं आपोआप बंद होतं. गडद निळे-काळे कपडे नकोत, त्से-त्से माश्या त्यावर तुटून पडतात. न्युंगवे सुंदर आहे, पण किगालीहून पाच-सहा तास वळणंच वळणं. आठ दिवसांत ते छाटा, सोबत किवूही, आणि एजंटला सांगा की आम्हाला देश बघायचाय, डांबर नाही.

सुमनताई_डोंबिवली:
मी ६४ व्या वर्षी गेले होते. गुडघा अगदीच बोलला तर पैसे देऊन डोली मिळते, आधी सांगून ठेवायचं. मी शाकाहारी, पण उपाशी राहिले नाही. घेवड्याच्या दाण्याची उसळ, शिजवलेली केळी आणि इसोंबे, म्हणजे कसाव्याचा पाला, घरोघरी. शेंगदाण्याचं कूट घातलेलं मिळालं तर अळूची पातळ भाजीच आठवते, फक्त चिंच-गूळ नाही. इसोंबेत मासे-मटण नाही ना, एवढं विचारायचं. इकिवुगुतो नावाचं घट्ट ताक मिळतं, त्यात मी चिमूटभर मीठ टाकलं तर वाढणारी मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

इमिगोंगोची चित्रं जरूर बघा. शेणाचे उठावदार कंगोरे करून काळ्या-पांढऱ्या-तांबड्या रंगांत रंगवतात. शेणानं जमीन सारवलेल्या बाईला ते बघून काय वाटलं हे तुमच्या आईंना विचारा, त्या सांगतील.

किगालीतलं गिसोझीचं नरसंहार स्मारक मात्र शेवटच्या दिवशी ठेवू नका. अडीच लाखांहून जास्त माणसं तिथे पुरलेली आहेत. मी ते बघून थेट विमानतळावर गेले, चूक झाली. त्यानंतर निदान एक संध्याकाळ गप्प बसायला हवी.

अनघा_नाशिक:
मनापासून आभार. न्युंगवे आणि किवू छाटलं, नाताळ ठरला. परवाने दोनच काढतोय, आईचा आणि माझा. नवरा त्या दिवशी १०० डॉलरची सोनेरी माकडं बघणार आहे आणि आत्तापासूनच ‘माकडंच जास्त चपळ’ असं म्हणायला लागलाय. आईला डोलीचं सांगितलं तर दोन दिवस बोलली नाही. आज सकाळी सोसायटीचे चार मजले जिन्यानं चढून आली.

डोंगरवाट:
झकास. किनिगीहून चालायला सुरुवात होते तिथपर्यंत गाडी तुमचीच लागते, ती एजंटच्या कोटेशनमध्ये आहे का बघा, ऐनवेळी तोच फटका बसतो. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी हवी, आणि आईंचं वय साठीपुढे असल्यामुळे आधी डॉक्टरांना विचारा. आणि निघायच्या आठवड्यात आईंना थंड काही देऊ नका. सर्दी-खोकला दिसला तर गोरिलाकडे सोडत नाहीत.