वृक्षनिगेच्या व्यवसायात यायचे आहे. झाडावर चढता येणे आवश्यक आहे का?

प्रश्न:
नमस्कार. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतल्यानंतर मी प्रयोगशाळेत काम करत आहे. परंतु जुन्या, मोठ्या झाडांची प्रत्यक्ष निगा राखण्याचे काम आयुष्यभर करावे, असे आता मनापासून वाटते. मला झाडावर चढता येत नाही. ते शिकणे आवश्यकच आहे का, आणि वय झाल्यावर या व्यवसायात पुढे काय करता येते, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
पदवीचा उपयोग निश्चित होईल, पण चढायला शिकाच. दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात साल आत दुमडून अडकली असेल, तर तेथे लाकडाला लाकूड जुळलेले नसते आणि वादळात झाड नेमके तेथूनच फाटते. हा दोष जमिनीवरून पुष्कळदा दिसत नाही.

छाटणीचे मर्मही वर गेल्यावरच हाताला कळते. फांदी खोडाला मिळते तेथे सुरकुतलेल्या सालीचा फुगीर कंगोरा असतो आणि काप त्याच्या लगेच बाहेर घ्यायचा असतो. खोडालगत सपाट कापल्यास खोडाचेच लाकूड उघडे पडते, तर लांब खुंट ठेवल्यास तो वाळून कुजतो. जड फांदी असेल, तर आधी थोड्या अंतरावर खालून अर्धवट काप घ्यावा, मग त्याच्या किंचित बाहेर वरून कापून भार उतरवावा आणि शेवटी खुंट काढावा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल ओरबाडून नेते.

अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी हजारो झाडे चेनसॉने उभी चिरून आतली कूज अभ्यासली. झाडाच्या जखमी पेशी पूर्ववत होत नाहीत, तर झाड त्या भागाभोवती रासायनिक आणि पेशींच्या भिंती उभारून कूज कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणूनच कापावर रंग किंवा डांबर फासल्याने कूज थांबत नाही. ग्राहक शेंडा उडवायला सांगतो, तेव्हा ठामपणे नकार देण्याचे बळही याच ज्ञानातून येते, कारण तशा कापांवर फुटणारे धुमारे वरवरच जोडलेले असतात आणि पुढे भार वाढला की तुटून पडतात. माझ्या मते नकार देता येणे हीच या पेशातली खरी पात्रता आहे.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे; फक्त सुरक्षिततेविषयी लिहितो. झाडावर चेनसॉ चालवताना स्वतःला दोन स्वतंत्र ठिकाणी बांधून घ्यावे आणि एकट्याने कधीही चढू नये. खाली उभ्या असलेल्या सहकाऱ्याला जखमी माणूस वरून उतरवता आलाच पाहिजे. जवळून वीजतारा जात असतील, तर त्या कामाचे वेगळे प्रशिक्षण नसलेल्याने झाडाला हातही लावू नये. काटे लावलेले बूट केवळ तोडायच्या झाडासाठी असतात; जगवायच्या झाडावर त्यांचा प्रत्येक टोचा ही नवी जखम असते.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. चढण्याचे प्रशिक्षण घेणार आहे. खोड पोकळ निघाले, तर झाड ठेवायचे की काढायचे, हे कशावरून ठरवतात?

उत्तर ३:
केवळ ढोली आहे म्हणून झाड काढू नये. वाकण्याचा ताण मुख्यतः खोडाच्या बाहेरच्या कवचावर येतो, त्यामुळे निरोगी कवच किती जाड उरले आहे, हे महत्त्वाचे ठरते. जर्मनीचे क्लाउस मॅटेक यांनी ही जाडी त्रिज्येच्या सुमारे ३० टक्के असावी, असा ठोकताळा मांडला. पण त्यावर मतभेद आहेत आणि ढोलीला मोठे तोंड असेल, तर तो तसाच लावणे धोक्याचे आहे. लाकडी हातोडीने खोड ठोकून आवाज ऐकावा, बुंध्याशी उगवलेली अळंबी पाहावी आणि शंका उरल्यास बारीक सुईने लाकडाचा रोध मोजणारे यंत्र वापरावे. झाड पडलेच तर कोणावर पडेल, हाही निर्णयाचा तितकाच मोठा भाग आहे.

वयाचा प्रश्न राहिला होता. चढण्याची वर्षे सरली की असे परीक्षण आणि सल्ला हेच मुख्य काम होते. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्थेची प्रमाणपत्र परीक्षा तीन वर्षांच्या पूर्णवेळ अनुभवावर देता येते. संबंधित पदवी असल्यास अनुभवाची अट शिथिल होते. सल्ल्याच्या कामात बांधकामाची प्रकरणे पुष्कळ येतील. झाडाची बहुतेक मुळे वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत असतात आणि पर्णसंभाराच्या घेराबाहेरही पसरतात, त्यामुळे पहिले यंत्र आत येण्यापूर्वीच मुळांच्या क्षेत्राभोवती कुंपण घालून घ्यावे.