४जीची फुल रेंज, नेट सुसाट, पण कॉलच लागत नाही. फोन आणि नेटवर्क जुळत नाहीये का?

निळीशाई
नमस्कार मंडळी, भावाने परदेशातून येताना आईसाठी फोन आणलाय, वापरलेला आहे पण नव्यासारखा, एकाच कंपनीचं सिम चालण्याचं लॉक काढलेला. जुन्या फोनमधलं सिम काढून यात घातलं, दांड्या भरल्या, वर ४जी आलं, व्हिडिओ मस्त चालतात. पण नंबर लावला की पाच-सहा सेकंद नुसती शांतता, मग वरचं ४जी गायब, दांड्या रिकाम्या, कॉल कट, आणि थोड्या वेळाने ४जी परत हजर. आम्ही तिला लावला की "संपर्क क्षेत्राबाहेर". तेच सिम जुन्या फोनमध्ये टाकलं तर सगळं व्यवस्थित! फोन बिघडलाय म्हणावं तर नेट कसं चालतंय? आई दिवसभर एकटी असते, तिचा फोन लागला नाही की जीव टांगणीला लागतो. नेमकं काय तपासू?

सिग्नलसखा
लॉक पूर्ण निघाला नसेल बहुतेक. परदेशातल्या फोनचं नेहमीचं दुखणं आहे हे.

टॉवरखालचा
लॉक असता तर फोनने सिमच घेतलं नसतं, नेटही मिळालं नसतं, त्यामुळे ते डोक्यातून काढा. कॉल लावताना ४जी गायब होतं असं तुम्ही लिहिलंय ना, सगळी गोम तिथेच आहे.

२जी आणि ३जीमध्ये बोलण्यासाठी वेगळी राखीव वाट असायची. ४जीत ती ठेवलीच नाही, ते पहिल्यापासून डेटासाठीच बांधलं. २००९च्या डिसेंबरमध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोत पहिली ४जी सेवा सुरू झाली तेव्हा लोक लॅपटॉपला डोंगल लावून नुसतं नेट वापरत होते. पुढे ४जीचे फोन आले तेव्हा कॉलसाठी तोडगा असा काढला की कॉल आला किंवा लावला की फोनने ४जी सोडून ३जी नाहीतर २जीवर उतरायचं, बोलून झालं की परत वर यायचं. तुमचा फोन तेच करायला जातोय, पण खाली उतरल्यावर त्याला पाय टेकायला जागाच सापडत नाहीये. एकतर तुमच्या कंपनीने खालचं नेटवर्क बंद केलं असेल, किंवा चालू असेल पण या फोनमध्ये ते बँड, म्हणजे त्या रेडिओलहरींचे पट्टे, नसतील. ३जी जगात बऱ्याच ठिकाणी २१०० मेगाहर्ट्झवर चालायचं, अमेरिकेत मात्र ८५० आणि १९००वर, म्हणून तिकडचा फोन इकडे आणला की असे घोळ व्हायचे.

दुसरी वाट म्हणजे व्हीओएलटीई, यात आवाजसुद्धा डेटा बनून ४जीवरूनच जातो, खाली उतरायची गरजच नाही. पण त्यासाठी फोनला कंपनीच्या आयएमएस नावाच्या यंत्रणेत नाव नोंदवावं लागतं, आणि ते कसं नोंदवायचं याची सेटिंग्ज प्रत्येक कंपनीसाठी वेगळी, फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेली असतात. फोन सिमवरचा कंपनीचा कोड वाचतो आणि यादीत शोधतो. कोड नसेल तर व्हीओएलटीईचं बटणसुद्धा दिसत नाही, हार्डवेअर कितीही भारी असलं तरी! लोकांना हेच पटत नाही, कारण खोक्यावर व्हीओएलटीई छापलेलं असतं.

अँड्रॉइड असेल तर डायलरवर *#*#४६३६#*#* टाइप करा, बऱ्याच फोनमध्ये उघडतं, त्यात आयएमएस स्टेटस बघा आणि इथे सांगा.

पाऊलवाट_२२
मी म्हणेन सरळ ५जी फोन घेऊन टाका, तो सगळ्यावर चालतो, कटकटच नको.

टॉवरखालचा
नाही हो, तसं होत नाही. बरीच ५जी नेटवर्कं अजून ४जीच्या खांद्यावर उभी आहेत. ५जीवरून थेट बोलायला व्हीओएनआर लागतं, ते नसलं की कॉलच्या वेळी फोन ४जीवर उतरतो आणि तिथे परत व्हीओएलटीईच लागतं. म्हणजे ५जी फोनलाही याच दारातून जावं लागतं.

जुनाहँडसेट
आमच्या वेळी तर याहून वाईट होतं. तेव्हा सीडीएमए नावाचं वेगळं मोबाइल तंत्रज्ञान होतं, त्याच्या बऱ्याच हँडसेटमध्ये सिमच नसायचं, नंबर हँडसेटमध्येच भरलेला, कंपनी बदलली की फोन कपाटात. त्यात ३जीच्या एका प्रकाराचं नाव डब्ल्यूसीडीएमए, ते वाचून लोक फोन घ्यायचे आणि फसायचे, कारण तो जीएसएमच्या, म्हणजे सिमवाल्या दुसऱ्या तंत्रज्ञानाच्या, घराण्यातला, जुन्या सीडीएमए नेटवर्कशी त्याचं काही जमायचं नाही.

आणि ताई, सेटिंगमधला पूर्ण मॉडेल नंबर बघा. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांसाठी वेगळा बनतो, शेवटचं एखादं अक्षर बदलतं आणि बँड बदलतात. ७००-८००च्या आसपासचा जो बँड तुमची कंपनी वापरते तो फोनमध्ये नसला तर बाहेर छान रेंज आणि घराच्या आतल्या खोलीत काही नाही, असंही होतं.

निळीशाई
बघितलं! आयएमएससमोर "नॉट रजिस्टर्ड" येतंय. कंपनीला विचारलं तर ३जी बंद केलंय आणि २जीही नाही म्हणाले. सॉफ्टवेअर अपडेट मारला, काही फरक नाही. मग भावाचं दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं, अर्ध्या मिनिटात वर व्हीओएलटीई ही अक्षरं आली आणि पहिल्याच रिंगला कॉल लागला. म्हणजे फोन चांगला आहे, आमच्या कंपनीचं नावच त्याच्या यादीत नाही. आता आईचा नंबर पोर्ट करायचा म्हणते, चालेल ना?

टॉवरखालचा
चालेल, पण एक गोष्ट आधी करा. *#०६# टाकून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा, नव्या कंपनीला तो द्या आणि स्पष्ट विचारा की या फोनवरून आणीबाणीचा कॉल व्हीओएलटीईवरून जातो का. साधा कॉल जातो म्हणजे तोही जाईल असं नसतं, काही फोन नेमक्या त्याच कॉलला ३जी शोधायला जातात. ऑस्ट्रेलियात २०२४च्या ऑक्टोबरअखेर ३जी बंद झालं तेव्हा असे फोन याच कारणाने नेटवर्कवरून बंद करावे लागले होते. आणीबाणीचा नंबर स्वतः लावून टेस्ट करू नका, तिथली लाइन अडते. आणि पोर्ट पूर्ण होऊन या फोनवर दोन दिवस कॉल नीट येईपर्यंत जुना फोन चार्ज करून आईच्या हाताशीच राहू द्या.

निळीशाई
आजच विचारते. जुना फोन तिच्या उशाशीच ठेवलाय.