उवा-खरजेवर कीटकनाशक: लावावं का?

रानवारा: लेकीच्या डोक्यात उवा झाल्या, औषध लावलं, दहा दिवसांनी उवा पुन्हा हजर. मग बाटली नीट वाचली: परमेथ्रिन १ टक्का. मच्छरदाण्यांना लावतात तेच! डोक्यातल्या उवा रोग पसरवत नाहीत, नुसती खाज. तेवढ्यासाठी लेकराच्या टाळूवर कीटकनाशक चोळायचं? लिंडेन हे दुसरं कीटकनाशकही उवा-खरजेवर सर्रास वापरायचे. फिट्स येतात म्हणून २००३ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, त्यावर ठळक इशारा छापायला लावला.

बिनधास्त: लिंडेन आणि परमेथ्रिन एका माळेचे मणी नव्हेत हो. परमेथ्रिन कातडीतून जेमतेम आत जातं आणि शरीर ते लवकर मोडून टाकतं. खरजेला तर ५ टक्क्यांचं मलम लागतं. तिथला किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो, फणी काय करणार?

रानवारा: खरजेचं मान्य. उवांचं नाही. ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक दातांची फणी फिरवा, दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. फणी पांढऱ्या कपड्यावर पुसली की दिसतं काय निघालं ते.

उलटतपासणी: कुरळ्या दाट केसांत करून बघा, मग बोलू. पण एक खरं, परमेथ्रिनला दाद न देणाऱ्या उवा बऱ्याच देशांत आहेत. डायमेथिकोन का नाही वापरत? सिलिकॉनचं तेल आहे, उवेला वेढून मारतं, विष नाही.

बिनधास्त: दाद देत नाहीत की आपण अर्धवट लावतो? खरजेचं मलम मानेपासून तळव्यांपर्यंत, बेंबीत, नखांखाली, ८ ते १४ तास, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं. मी स्वतः बोटांच्या बेचक्यांत लावून लगेच भांडी घासायला बसलो होतो! हात धुतले की पुन्हा लावायचं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहते. लोक घाबरून रोज मलम थापतात आणि कातडी सोलवटून घेतात. रानवारा, तुम्ही नवव्या दिवशी दुसऱ्यांदा लावलं होतंत का? परमेथ्रिनने सगळ्या लिखा मरत नाहीत, वाचलेल्या आठवड्या-दहा दिवसांत फुटतात.

रानवारा: नव्हतं लावलं. तरी पुढच्या वेळी आधी फणीच.

उलटतपासणी: आणि घरातल्या बाकीच्यांची डोकी तपासलीत का?