‘गोपनीय’ शिक्क्याचा कागद छापला तर प्रकाशकावर गुन्हा होतो का?

पाटीपेन्सिल:
जिल्हा पातळीवरच्या वृत्तपोर्टलसाठी विचारतोय. मंत्रालयातली ‘गोपनीय’ शिक्क्याची टिप्पणी हाती आली आणि जशीच्या तशी छापली, तर शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ प्रकाशकालाही लागतो, की फक्त कागद फोडणाऱ्याला? राफेल विमानखरेदीच्या कागदांवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर छापायला मुभा आहे म्हणतात, ते कितपत खरं?

खटलेवाचक:
प्रकाशकालाही लागतो. कलम ५(१) कागद ताब्यात असणाऱ्यासाठी आहे: अनधिकृत व्यक्तीला देणं, हक्क नसताना ठेवून घेणं, नीट न सांभाळणं. ५(२) घेणाऱ्यासाठी. कायदा मोडून माहिती मिळतेय हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना, राजीखुशीने घेतली की झालं. म्हणजे छापण्याआधीच गुन्हा लागू शकतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पोर्टल कंपनीचं असेल तर कलम १५ मुळे कारभार पाहणारेही अडकतात. लोकहितासाठी छापलं, हा बचाव कायद्यात कुठेच लिहिलेला नाही. शंभर वर्षं उलटली तरी ही खोट तशीच आहे.

शिक्क्यावर मात्र फार विसंबू नका. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सामा अलाना अब्दुल्ला प्रकरणात म्हटलं की ‘गुप्त’ हे विशेषण फक्त सांकेतिक शब्द किंवा पासवर्डला लागतं, नकाशा वा दस्तऐवजाला नाही. म्हणजे शिक्का नसलेला कागदही गोत्यात आणू शकतो. उलट, निर्गुंतवणुकीच्या कॅबिनेट नोटवरून बातमी देणाऱ्या पत्रकाराला दिल्लीच्या न्यायालयाने २००९ मध्ये दोषमुक्त केलं, कारण नुसत्या शिक्क्याने देशाच्या सुरक्षेला बाध येत नाही.

मधली_सुट्टी:
राफेलबद्दल. १० एप्रिल २०१९ च्या निकालात एवढंच आहे की ‘गुप्त’ कागदांचं प्रकाशन रोखण्याचा किंवा ते कोर्टापुढे येऊ न देण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला दिलेला नाही. छापल्यावर खटला भरताच येणार नाही, असं त्यात नाही. अमेरिकेतही हीच फट आहे. पेंटॅगॉन पेपर्स, म्हणजे व्हिएतनाम युद्धावरचे गुप्त कागद, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ६-३ ने छापू दिले, तरी २०१९ मध्ये विकिलीक्सच्या असांजवर हेरगिरी कायद्याखाली १७ आरोप लागले आणि जून २०२४ मध्ये सायपान या अमेरिकी बेटावरच्या कोर्टात एक कबूल करूनच तो सुटला.

पाटीपेन्सिल:
म्हणजे पोलीस परस्पर गुन्हा नोंदवू शकतात?

खटलेवाचक:
नोंदवू शकतात, तपासही करतात. पण कलम १३ नुसार सरकारच्या आदेशाने किंवा अधिकाराने तक्रार आल्याशिवाय कोर्टाला दखल घेता येत नाही. नुसतं दोषारोपपत्र पुरत नाही. वकिलाला हे आधी तपासायला सांगा. तरीही तोवर माणूस पिचतो. पत्रकार इफ्तिखार गिलानींकडे सापडलेला मजकूर इंटरनेटवर उघड उपलब्ध होता. तो घातक असल्याचं लष्करी गुप्तचर विभागाने आधी कळवलं, पुढे मत फिरवलं. जून २००२ ते जानेवारी २००३ ते तुरुंगात होते. नाशिकच्या देवळाली कॅम्पातल्या सहायक प्रथेवरच्या (जवानांना अधिकाऱ्यांच्या घरच्या कामाला लावण्यावरच्या) चित्रफितीवरून २०१७ मध्ये नोंदलेला गुन्हाही मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जाऊन रद्द केला.

फाइलबंद:
व्यवहारातलं सांगतो. स्कॅन छापू नका. ई-ऑफिस या सरकारी संगणकीय फाइल-प्रणालीतून काढलेल्या प्रिंटच्या तळाशी बरेचदा ती कोणी, कोणत्या पदावरून, कधी काढली हे छापलेलं असतं. शेरे, आद्याक्षरं, प्रत क्रमांक यांवरूनही टेबल सापडतं. आशय स्वतःच्या शब्दांत लिहा आणि खात्याची बाजू मागताना मूळ फाइल जोडू नका.

तोच विषय माहिती अधिकारातही टाका. कलम ८(२) गुपिते कायदा असूनही लोकहित मोठं असेल तर माहिती देण्याची वाट ठेवतं, आणि निर्णय होऊन विषय संपल्यावर मंत्रिमंडळाची कागदपत्रंही कलम ८(१)(झ) खाली खुली व्हायला हवीत. अर्जात जावक क्रमांक लिहू नका, नाहीतर कागद फुटल्याची वर्दी तुम्हीच द्याल. विषय आणि कालावधी पुरतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा.

स्रोताचं नाव न सांगण्याचं संरक्षण प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५(२) मध्ये आहे, पण ते फक्त कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. पोलीस ठाण्यात ते कामाला येत नाही.