गांधीलमाश्यांमधले विषाणू मधमाश्यांना लागतात का?

मधुकोश: पिवळ्या पायांच्या आशियाई गांधीलमाशीत मधमाशीचा पंखविकृती विषाणू सापडतो म्हणे. मेलेल्या गांधीलमाश्या पेटीजवळ पडू दिल्या तर धोका आहे का?

चौकट_१०: सापडतो, पण बहुधा उलट्या वाटेने: बाधित मधमाशी खाल्ली की गांधीलमाशीत येतो. नुसता सापडला म्हणजे तिच्यात वाढतोच असं नाही. पंख चुरगळलेल्या माश्या दिसल्या तर आधी व्हरोआ (मधमाश्यांवरचा परजीवी कोळी, हा विषाणू तोच पसरवतो) मोजा. पिलाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या) चौकटीवरच्या ३०० माश्या (अर्धा कप, राणी नाही ना, बघा!) अल्कोहोलमध्ये मिनिटभर हलवा. ९ कोळी म्हणजे ३ टक्के. उपचार लांबवू नका.

धूरवाला: पेटीच्या दाराची फट ५.५ मिमी उंच ठेवा, गांधीलमाशी आत शिरत नाही. बाहेर घिरट्या घालतेच, त्या धाकाने माश्या चरायला निघत नाहीत. खरं नुकसान तिथं. मेलेल्या पुरून टाका. तपासणीला द्यायच्या तर लगेच गोठवा, आरएनए (विषाणूचं जनुकद्रव्य) पटकन नासतं.