जिनिंगमधल्या कोरकू पोराईले चिडवतात, सुपरवायझर म्हणून कसं बोलू?

रेचावाला_अकोट:
भाऊ लोक, सांगा जरा. अकोटजवळच्या एका जिनिंगात दिवाळीपासून सुपरवायझर हाय, हाताखाली तीसेक माणसं, त्यातली ८ पोरं कोरकू, मेळघाटातली, धारणीकडची. धुरळ्याचं काम सगळं याईच्याकडं अन् चहाच्या वक्ताले याईलेच कागदी ग्लास, बाकीच्याईले कपबशी. मुकादम नावानं हाकच मारत नाई, 'ए जंगली', 'ए काया', आपसात कोरकू बोलले की 'चिवचिव बंद करा'. परवा मीबी हसलो. एक पोरगा माह्याकडं पाहत होता, मंग खाली मान घालून सरकी झाडाले लागला. मुकादम मालकाचा जुना माणूस, माह्यापेक्षा १५ वर्षांनी मोठा. मीटिंग घेऊ का?

शेगावकर:
काहून आगीत हात घालता? मजाक असते. सीझन संपला की सगळे आपापल्या गावी.

जुना_फिटर:
मजाक असती तर पोरंही हसली असती ना. मीटिंग नका घेऊ भाऊ, सगळे त्या ८ जणांकडेच टकमक पाहतील. मी तसंच भाषण ठोकलं होतं, आठवड्यात ३ पोरं न सांगता गेली, राहिलेली मजुरी घ्यायलाही आली नाहीत. मुकादमाला एकट्याला वजनकाट्यामागं न्या, 'काका, उद्यापासून नावानं हाक मारायची', बस एवढंच. कपबश्या मात्र उद्याच आणा. अन् सगळ्यात आधी त्या पोराला गाठा, मी हसलो ते चुकलं म्हणा, ते राहिलं तर बाकी सगळं नाटक.

कोर्टाची_पायरी:
कोरकू अनुसूचित जमातीत येतात. मुकादम स्वतः एससी-एसटी नसेल अन् चारचौघांत असा मुद्दाम अपमान करत असेल तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा लागतो, ६ महिने ते ५ वर्षं शिक्षा, तपासही डीवायएसपी करतो. हे मालकाच्या कानावर घाला, जुना माणूस असला तरी तो ऐकेल. अन् चिवचिव कसली हो, कोरकू मुंडा कुळातली भाषा, संथालीच्या नात्यातली, मराठीशी तिचं कुळच जुळत नाही.

रेचावाला_अकोट:
कपबश्या आणल्या, चहावाल्यानं तोंड वाकडं केलं पण दिला. त्या पोराले गाठलं, सॉरी म्हणालो, तो काई बोलला नाई. नाव विचारलं मंग, दोन महिन्यांत पयल्यांदा. मुकादमाले काट्यामागं नेलं होतं, आज त्यानं हाक मारली, 'अरे... तू, इकडं ये'. नाव अजून नाई, पण जंगलीबी नाई म्हणाला.