चार ऋतूंच्या कागदावर पावसाळा कुठे आहे?

अंगणवेल:
लेक सीनिअर केजीत आहे. परवा शाळेतून रंगवायला कागद आला. चार झाडं: स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. ऑटमचं झाड केशरी रंगवायचं, विंटरच्या झाडावर कापसाचा बर्फ चिकटवायचा. तिनं विचारलं, "आई, यात पावसाळा कुठंय?" मला उत्तरच देता येईना. जून ते सप्टेंबर ज्याच्या जिवावर आपली धरणं भरतात, तोच कागदावर नाही. माझं स्पष्ट मत: पहिलीपर्यंत उन्हाळा, पावसाळा, हिवाळा एवढंच शिकवा.

खगोलवेडा:
नाही पटलं. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून वर्षात दोन विषुवदिन (दिवस-रात्र जवळपास सारखे) आणि दोन अयनदिन (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) येतात. चार ऋतू त्यावर उभे आहेत. मी आठवीला विज्ञान शिकवतो. "सूर्य जवळ आला की उन्हाळा" असं दरवर्षी कुणीतरी ठामपणे सांगतंच. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किमीवर. जुलैत हेच अंतर १५.२ कोटी किमी होतं. लहानपणी नुसती नावं पाठ करून घेतली की कारण कायमचं राहून जातं.

रानवाटा:
सर, कारण शिकवाच, पण त्या कारणातून आपल्याकडे ते केशरी झाड उगवत नाही. मी यवतमाळचा. ऑक्टोबरात आमच्याकडे सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी सुरू होते, ऊन चटके देतं आणि झाडं हिरवीगार असतात. साग उघडाबोडका होतो फेब्रुवारी-मार्चात, आणि पळस पेटतो तोही नेमका तेव्हाच. पानगळ आणि बहर एकाच रानात, एकाच महिन्यात! त्या पोरीनं यातलं कुठलं झाड ऑटमचं म्हणायचं आणि कुठलं स्प्रिंगचं? चारच भाग हवे असतील तर आपल्या हवामान खात्याचे घ्या: जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व, जून ते सप्टेंबर मान्सून, ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर.

चैत्रपालवी:
आणि आपले सहा ऋतू? वसंत ते शिशिर, दोन-दोन महिन्यांचे. आजीच्या तोंडून ऐकलेले मला अजून पाठ आहेत.

रानवाटा:
सहा सुंदरच आहेत. पण ते मराठी महिन्यांवर बसवलेले, आणि आजच्या पोरांना महिने जानेवारीपासून ठाऊक. तिसरीत शिकवा.

मेलबर्नची माई:
आमच्याकडे दिवाळी वसंतात येते. जूनमध्ये नातू स्वेटर घालून व्हिडिओ कॉलवर बसतो, तर पुण्यातली त्याची पणजी खिडकीतला पाऊस दाखवते. साडेपाच वर्षांचा आहे. टॉर्च आणि पृथ्वीगोल घेऊन एकदा दाखवलं, त्याला कळलं. मुलांना झेपत नाही, हे मला मान्य नाही.

खगोलवेडा:
माई, हेच म्हणतोय. केशरी झाड चुकीचं, हे मान्य. पण तीनवर थांबू नका. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. जुलैत ढग असतात, म्हणून मे गाठा. अंगणात काठी रोवा, साडेबाराच्या सुमारास सावली नाहीशी होताना लेकीला बघू द्या.

अंगणवेल:
काठी नक्की रोवते. पण सर, नावं आधी तीनच, यावर मी ठाम आहे. कागदाचं म्हणाल तर तिनं स्वतःच केशरी झाडाखाली छत्री काढलीय. खोडणार नाही, तसाच उद्या बाईंकडे देते.